ताईचा नंबर लागला

खिशात थरथर झाली तेव्हा त्याच्या हातात कुणा म्हातारीचा वरचा जबडा होता. म्हणजे कवळीच, पण लॅबमध्ये कवळी असं कोणी म्हणत नसे. ‘वरचा’ आणि ‘खालचा’ एवढंच म्हणत. गुलाबी हिरडीला शेवटचं पॉलिश चाललं होतं, आणि अशा वेळी फोन आला तर खुशाल वाजू द्यावा हा त्याचा आयुष्यभराचा शिरस्ता. पण थरथरला तो डाव्या खिशातला फोन. उजव्या खिशात त्याचा स्वतःचा असे, डाव्यात ताईचा. ताईला जाऊन काही महिने झाले होते, आणि तिचा फोन तो रोज चार्ज करून, रोज डाव्या खिशात टाकून कामावर आणत होता. कशाला, असं कोणी विचारलं असतं तर त्याची बोबडी वळली असती. सुदैवाने कोणी विचारलं नाही. त्याने मशीन बंद केलं, तोंडावरचा मास्क खाली ओढला, बोटांची पावडर एप्रनला पुसली आणि फोन काढला. ‘ताई, झाली हो! पाच पिल्लं. आई खुशाल. तुमचा नंबर दुसरा, म्हणजे लागलाच समजा. आता तरी घसा सुटला का?’ त्याने दोनदा वाचलं. दुसऱ्या हातातला वरचा जबडा दात विचकून तसाच बसला होता. पलीकडच्या टेबलावरचा साथीदार म्हणाला, “काय रे, लॉटरी लागली की काय?” आणि हा म्हणाला, “हो, तसंच काहीसं,” आणि पुन्हा मशीन सुरू केलं, पण चकाकीत लाटा आल्या आणि त्याला हिरडी पुन्हा पहिल्यापासून घासावी लागली.

खरं तर दोन शब्दांचं काम होतं. ताई गेली. पण हे दोन शब्द त्याच्या तोंडून आजवर बाहेर पडलेच नव्हते, तशी वेळच आली नव्हती. दवाखान्यात ते डॉक्टरने त्याला ऐकवले. इमारतीत शेजारणीने सांगितले. नातेवाइकांना, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ताईच्या जुन्या मैत्रिणींना, बँकेला, अगदी दूधवाल्यालासुद्धा चुलतबहिणीने एका बैठकीत कळवून टाकलं. मोठी उरकाची बाई, ताईच्या वहीतले नंबर एकामागून एक लावत होती आणि हा शेजारी बसून तिला पाणी देत होता. ताईने जिच्याकडे कुत्र्याच्या पिल्लासाठी नंबर लावला होता त्या कुत्रीवाल्या बाईचा फोन नंबर मात्र त्या वहीत नव्हता. तो नुसता फोनमध्ये होता, तोही ‘प्रश्नवाली’ या नावाने. ती एकटी राहून गेली. मग एके दिवशी तिचा निरोप आला, ‘कुठे गायब आहात?’ तेव्हा हा स्वयंपाकघरात ओट्याशी उभा होता, आणि का कोण जाणे, त्याने ताईच्या फोनवर ताईच्या वतीने लिहिलं, ‘घसा बसलाय. बोलता येत नाही.’ उलट टपाली उत्तर आलं: ‘अगबाई! तुम्हाला गप्प बसायची शिक्षा? घरातल्यांची चैन आहे मग!’ तो हसला. एकटाच, मोठ्याने. कितीतरी दिवसांत त्या घरात ताईला कोणी चिडवलं नव्हतं. लोक यायचे ते ताई किती देवमाणूस होती ते सांगायचे, आणि देवमाणूस तर ती नव्हती, चांगली खाष्ट होती. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की या सगळ्या जगात एक बाई अशी आहे जिच्या लेखी ताई अजून आहे. घसा बसलेली, पण आहे. ते मोडायचा त्याला धीर झाला नाही. दोनच शब्द, पण ते लिहिले की संपलं, मग कुठेच कोणी उरणार नव्हतं.

कुत्र्याचं खूळ ताईच्या डोक्यात शिरलं ते नोकरी सुटल्यानंतर. आयुष्यभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेली बाई, ती एकदम शांततेत येऊन पडली. “बाळ्या,” ती म्हणाली होती (त्याचं टक्कल पार मानेपर्यंत पोचलं तरी ताईचा तो बाळ्याच), “दिवसभर या घरात मी भांड्यांशी बोलते रे.” आणि तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला होता, “नशीब समज, भांडी उलट बोलत नाहीत.” केवढा विनोद! ते वाक्यच्या वाक्य आता त्याला कुठेही आठवे, बसमध्ये, दाढी करताना, आणि आठवलं की तो दाढीचा हात थांबवून आरशात स्वतःला ‘मूर्खा’ म्हणे. पुढच्या आठवड्यात ताईने त्याच्या नाकासमोर एक फोटो धरला. कुरळ्या केसांचं, बटणासारख्या डोळ्यांचं, मांडीत मावेल एवढं काहीतरी. “हे डूडल.” “डूडल? ही कुत्र्याची जात की शाळेत बाई शिकवत असताना वहीच्या कडेला काढतात ती चित्रं?” “पूडल आणि दुसरं एक लहान कुत्रं, दोघांचा संकर. केस फार गळत नाहीत. माझ्या दम्याला चालण्यासारखं आहे.” “आणि माझ्या डोक्याला?” “तुझ्या डोक्यावर गळायला काही शिल्लक आहे का?” झालं, विषय संपला असं त्याला वाटलं. पण ताईने एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली. ती फोन घेऊन बसली. एक जण म्हणाला, कुठला रंग हवा बोला, उद्या पोचवतो. ताईने विचारलं, पिल्लांची आई बघायला मिळेल का? तर म्हणे, आई गावाला असते. ताई फोन ठेवून खोकला येईपर्यंत हसली. “कुत्रीला गाव आहे, बाळ्या! आपल्याला नाही.” दुसरा म्हणाला, पेट्रोल पंपावर या, तिथे देतो. “पिल्लू आहे की चोरीचं घड्याळ?” आवाजावरून माणूस ओळखायची ताईला सवयच होती. खोटं बोलणारा आधी श्वास घेतो, असं ती म्हणायची.

आणि मग ही भेटली, जिने ताईलाच उलट फैलावर घेतलं. घर कितव्या मजल्यावर? दिवसभर घरात कोण? रोज विंचरणार का, नुसतं वरवर नाही, कातडीपर्यंत, नाहीतर त्या कुरळ्या केसांच्या जटा होतात आणि चामडी ओढली जाऊन बिचारं कळवळतं? पडलात-झडलात तर त्याचं कोण करणार? “अरे, मुलगी द्यायची असती तरी इतकं विचारलं नसतं!” ताई फोन ठेवून म्हणाली, पण तिचे डोळे लकाकत होते. ही बाई वर्षाकाठी एकाच कुत्रीची एकच वीण घ्यायची. आईबापांच्या गुडघ्यांचे, डोळ्यांचे तपासणीचे कागद कोणी न मागता दाखवायची. दम्याची हमी कोणी देऊ शकत नाही, देईल तो लबाड, असं तिने तोंडावर सांगितलं. एक दुपार माझ्या कुत्र्यांत येऊन बसा, छाती काय म्हणते ते बघा. ताई जाऊन बसली आणि गाल लाल करून परत आली. “दम्याचा पंप काढावाच लागला नाही, बाळ्या!” मग नंबर लावला, आणि वाट बघणं सुरू झालं. वर्ष गेलं, दुसरंही निम्मं सरलं. अधूनमधून स्वयंपाकघरातून ताईचं हसणं ऐकू यायचं, ‘हो का? बाई बाई!’ वगैरे. एक्स्चेंजमधल्या कुणाशी तरी बोलत असेल, असं तो धरून चालायचा. मनातून त्याला बरंच वाटत होतं, नंबर लागत नाही ते. घरात कुत्रं कशाला? आम्ही दोघं आहोत की.

‘घसा तसाच आहे बरं का. भावाला पाठवते बघायला.’ हे त्याने लिहिलं तेव्हा पिल्लं चालायला लागली होती. बसच्या शेवटच्या थांब्यापासून थोडं चालून गेल्यावर एक बैठं घर. आत फरशीवर वर्तमानपत्रं अंथरलेली, एका कोपऱ्यात लाकडी फळ्यांचं कुंपण, दुधाचा आणि फिनेलचा मिळून एक कोमट वास. बाई पन्नाशीची, आडव्या बांध्याची, पँट गुडघ्यांवर मळलेली. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, “तुम्हीच बाळ्या?” आणि जीभ चावली. “म्हणजे, सॉरी हं. ताई असंच म्हणतात ना.” त्या नावाने हाक मारणारं आता कोणी नव्हतं, आणि ही बाई चपला कुठे काढायच्या ते दाखवत होती. ताईंना हे आवडेल. ताई खूप बोलतात. ताईंना सांगा. तो फक्त ते ऐकत होता. बाकी सगळ्यांची ताई एका दिवसात ‘होती’ झाली होती. इथे ती आहे, बोलते, तिला आवडतं. त्याला वाटलं, इथेच बसावं, पिल्लांबद्दल काहीबाही विचारत राहावं. कुंपणातून पाचही जण लोळत, एकमेकांना तुडवत आले, आणि त्याने पहिल्याचं तोंड उघडून दात बघितले. बाई खळखळून हसली. “दातवाले ना तुम्ही! सवय जात नाही.” “सुळे चांगले आहेत,” तो ओशाळून म्हणाला. सुईसारखे दात त्याच्या अंगठ्यात रुतत होते आणि त्याला ते काढावेसे वाटेनात. एक फिकट तपकिरी पिल्लू मागेच राहिलं होतं, भिऊन नव्हे, निवांत. सगळ्यांचं झाल्यावर ते आलं आणि त्याच्या मोज्यावर हनुवटी ठेवून बसलं. “हे धीराचं आहे,” बाई म्हणाली. “ताईंना मी हेच सुचवणार होते.” निघताना तिने तिची रीत सांगितली. ज्यांच्या घरी पिल्लू जायचं त्यांचा अंगावरचा कपडा, न धुतलेला, पिल्लांच्यात ठेवायचा. म्हणजे घरी गेल्यावर माणूस नवं वाटत नाही, पहिली रात्र रडत नाही. “ताईंचा द्या हं, रोजच्या वापरातला.”

ताईची शाल त्याने धुतली नव्हती. राखाडी, कडेला विरलेली, ती खांद्यावर टाकून ताई बाल्कनीत बसायची. शाल कपाटात ठेवलेली असे, आणि रोज कामाला निघताना तो कपाट उघडून त्यात नाक खुपसत असे. औषधी मलम, खोबरेल, आणि त्याखाली ती स्वतः, जिच्या वासाला नाव नाही अशी. हे त्याने कोणाला सांगितलं नसतं. मोठा माणूस, दातांचा कारागीर, शालीत तोंड घालून उभा! शाल द्यायची म्हणून त्याने ती दोनदा पिशवीत भरली आणि दोनदा काढून परत कपाटात ठेवली. पण त्याने ती दुसऱ्याच दिवशी नेऊन दिली, आणि परत येताना बसमध्ये त्याला एक विलक्षण आनंद झाला, की आता ते धीराचं पिल्लू तिच्यात झोपेल, तिला ओळखायला शिकेल, आणि घरी येईल ते तिला ओळखणारं म्हणून येईल. त्यानंतरचे दिवस बरे गेले, असंच म्हणायला हवं. त्याने विजेच्या वायरी उचलून वर बांधल्या. विंचरायचा ब्रश आणला. बाईचे निरोप येत, तो उत्तरं लिही, ताईसारखी, जागोजाग ‘बरं का’ घालून. एका संध्याकाळी त्याने लिहिलं, ‘बाळ्या फार खूश आहे, दाखवत नाही एवढंच,’ आणि पाठवून झाल्यावर तो फोनकडे बघत बसला. हे कोणी लिहिलं? त्याने लिहिलं नव्हतं. त्याला हे माहीतही नव्हतं. घरात दुसरं तर कोणी नव्हतं. त्याला एकदम थंडी वाजली, आणि त्याने उठून सगळ्या खोल्यांतले दिवे लावले.

पिल्लं न्यायच्या दिवशी तो रजा काढून गेला. बाईने चहा ठेवला होता. धीराचं पिल्लू आता चांगलं मोठं झालं होतं. तो खाली बसताच ते मांडीत चढलं, दोनदा गोल फिरलं आणि अंगाचं वेटोळं करून पडलं. त्याच्या पोटाची ऊब पँटमधून मांडीला लागली. आणि त्याला कळलं, की हे मला हवंय. ताईसाठी नव्हे. मला. इतका वेळ त्याने हे स्वतःच्याही कानावर येऊ दिलं नव्हतं. बाईने घडी केलेली शाल त्याच्यापुढे ठेवली. “ही घेऊन जा. पिल्लं झोपली हिच्यावर, पण खरं सांगू का, हिच्यात माणसाचा वास नाही. मी स्वतः नाक लावून बघितलं. नुसता कपाटाचा वास आहे. रोजच्या वापरातली म्हटलं होतं मी.” ती सहज बोलली, चहा गाळता गाळता. रोज सकाळी, कपाट उघडून, मग ते काय होतं? मलम, खोबरेल, त्याखाली ती. ते सगळं कुठून येत होतं? म्हणजे कधीच संपलं होतं ते, आणि हा आपला रोज लाकडात नाक घालून उभा.

“आणि ताई का नाही आल्या?” बाईने कप पुढे केला. “मी पिल्लू ज्याचं त्याच्या हातात देते. दुसऱ्याच्या नाही.” “पडून आहे ती,” तो म्हणाला, आणि त्या आधी आपण श्वास घेतला हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. “एवढं आहे? मग असं करू.” बाई उठलीच. भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढली. “गाडी आहे दारात. मीच येते पिल्लू घेऊन. घरही बघून होईल, ताईही भेटतील. किती दिवस झाले आवाज ऐकून! चला, उठा.” तो उठला नाही. बाई एक पाय चपलेत घालून त्याच्याकडे बघत राहिली. मांडीवरचं पिल्लू झोपेत चुळबुळलं. आता नाही म्हटलं तर पिल्लू गेलं, आणि बोललं तर ताई जाते. त्याने पिल्लाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो म्हणाला, “ताई गेली.” किती लहानसा आवाज निघाला. “म्हणजे वारली. थंडीत.”

बाईने चपलेतला पाय काढून घेतला. “पण निरोप?” “ते मी.” “घसा बसलाय म्हणून?” “ते पण मीच.” आता ही हाकलून देईल, असं त्याला वाटलं, आणि द्यावं, असंही वाटलं. पण ती कपडे धुवायच्या मशीनला पाठ टेकवून सावकाश खाली बसली, फरशीवर, वर्तमानपत्रांवर, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. ती रडायला लागली. लहान मुलासारखी, नाक पुसत, आवाज करत. “दर पंधरा दिवसांनी फोन करायच्या हो मला,” ती म्हणाली. “माझा नवरा गेला तेव्हा रोज करत होत्या. कुत्र्याचं निमित्त नुसतं. काही बोलायचं नसलं तर म्हणायच्या, लाईन चालू ठेव, मी आहे.” तो ऐकत होता. ते स्वयंपाकघरातलं हसणं, ते ‘बाई बाई’, सगळं इथे येत होतं तर. मग त्याच्या तोंडून आपोआप सगळं यायला लागलं, जे लोक त्याला सांगत आले होते: फार त्रास नाही झाला तिला, सुटली बिचारी, आपल्या हातात काय असतं. ऐकताना ज्यांचा त्याला संताप यायचा तीच वाक्यं, अगदी त्याच सुरात. बाई मान हलवत होती. तिच्यासाठी ताई आत्ता गेली होती, या क्षणी, या खोलीत, आणि त्याला तिचा हेवा वाटला. कारण अगदी थोड्या वेळापूर्वीपर्यंत तिच्याकडे ताई होती.

“मग हे?” शेवटी त्याने विचारलं. लाज वाटली, पण विचारलं. त्याचा हात पिल्लाच्या पाठीवरच होता. बाईने बाहीने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि रडक्या आवाजातच, पण नीट विचारलं, “दिवसभर घरी कोण असतं?”

“कोणी नाही.”

“लॅबमधून सुटता कधी?”

“संध्याकाळी.”

“मग नाही देणार.” ती पुन्हा रडायला लागली आणि रडता रडता बोलत राहिली. “रागावू नका. हे एवढंसं आहे. दिवसभर एकटं ठेवलं की आधी ओरडतं. दाराशी जाऊन बसतं. मग काही दिवसांनी ओरडायचं थांबतं, आणि लोक मला फोन करून सांगतात, झाली बाई सवय त्याला. सवय नाही होत हो. कोणी येणार नाही हे त्याला कळतं, एवढंच.”

चुलतबहीण परवाच फोनवर म्हणाली होती, ‘आता झाली असेल ना रे सवय?’ आणि त्याने ‘हो’ म्हटलं होतं. गंमत म्हणजे त्याला हसू फुटलं. ऊर फुटेस्तोवर रडतेय, ताईच्या नावाने रडतेय, तरी पिल्लू म्हणून देत नाही! ताईने माणूस बरोबर हेरला होता. त्याचे गाल भिजले होते. केव्हा, ते त्याला कळलं नाही. लॅबमध्ये नाही, दवाखान्यात नाही, आणि इथे, परक्याच्या घरात, वर्तमानपत्रांवर बसून.

“तुमच्या पुढच्या नंबरचे लोक येतील संध्याकाळी,” बाई म्हणाली. “चांगले आहेत. घरी आजोबा असतात.” मग तिने गुडघे जवळ ओढले. “कसं झालं ते सांगा ना मला. नीट सांगा.”

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ज्यांनी विचारलं त्यांना चुलतबहिणीने उत्तर दिलं होतं. पिल्लू मांडीवर गाढ झोपलं होतं, पोट वरखाली होत होतं. सांगून झालं की उठावं लागणार होतं, आणि उठायचं म्हणजे त्याला उचलून खाली ठेवावं लागणार होतं. “त्या दिवशी सकाळी,” तो म्हणाला आणि थांबला. “नाही, आदल्या दिवसापासून सांगतो. आदल्या दिवशी ती म्हणाली, बाळ्या, आज चहाला चव नाही.” बाईने चहाचा कप बाजूला सरकवला आणि कान देऊन बसली. तो सावकाश सांगत गेला, काही न गाळता, जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवत.